वीज येते, पण पोहोचते का?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वायपर बिघडलेल्या गाड्यांची रांग लागते. ऑक्टोबर ते मे वायपरला जवळजवळ काम नसतं. त्यामुळे या काळात वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये धरलेला गंज किंवा उंदराने कुरतडलेली वायर कुणाच्या लक्षात येत नाही. पहिली सर येते, स्टिअरिंगजवळची दांडी ओढली तरी पाती हलत नाहीत आणि गाडी गॅरेजला जाते. तिथे गर्दी असते, मालकाला घाई असते आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणून मोटर बदलली जाते. काही दिवसांनी नवी मोटरही रेंगाळू लागली, की खापर सुट्या भागाच्या दर्जावर फुटतं. जुनी मोटर कदाचित धडधाकट होती आणि दोष तिच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत होता, ही शक्यता कुणी तपासलेलीच नसते.

खरं तर हा बिघाड अंदाजाने शोधायची गरज नाही, तो मोजून सापडतो. मोजण्याची साधनंही साधी आहेत. फक्त काय मोजायचं आणि केव्हा मोजायचं, हे कळायला वायपर आतून कसा चालतो ते माहीत हवं. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात भर पावसात काच दोन सेकंद झाकली गेली तरी पुढचं वळण दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या १०१व्या नियमाने पुढची काच असलेल्या वाहनाला कार्यक्षम, यंत्रशक्तीवर चालणारा वायपर सक्तीचा केला आहे, तो याचसाठी.

हाताच्या दांडीपासून कंट्रोल युनिटपर्यंत

अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना १९०३ साली काच पुसणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. ते आतून दांडी फिरवून हाताने चालवायचं होतं. पुढे अनेक गाड्यांत इंजिनच्या निर्वातावर चालणारे वायपर आले. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की निर्वात कमी होई आणि नेमके तेव्हाच वायपर मंदावत. १९२६ साली बॉश कंपनीने विजेवर चालणारा वायपर बाजारात आणला आणि वायपरचा वेग इंजिनच्या श्रमापासून सुटला. थांबत-थांबत फिरणाऱ्या वायपरचं इलेक्ट्रॉनिक मंडल रॉबर्ट कर्न्स यांनी १९६०च्या दशकात बनवलं. पापणी सतत मिटत राहत नाही, मध्ये थांबते, हे निरीक्षण त्यामागे होतं. त्यांना १९६७ साली पेटंट मिळालं आणि ते वापरल्याबद्दल त्यांनी फोर्ड कंपनीवर भरलेला खटला १९९० साली सुमारे एक कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

कर्न्स यांच्या मंडलाचं काम आज बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘बीसीएम’, करतं. जुन्या गाडीत मोटरला लागणारी सगळी वीज दांडीच्या स्विचमधून जात असे. आता दांडी फक्त निरोप देते. ‘चालकाने मंद गती मागितली आहे’ हा निरोप बीसीएमला मिळतो आणि मग बीसीएम रिलेला किंवा ट्रान्झिस्टरला मोटर चालू करायला लावतो. काही गाड्यांत मोटरच्या अंगातच कंट्रोल युनिट असतं. बीसीएम आणि हे युनिट एकाच वायरवरून एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला ‘लिन बस’ म्हणतात आणि तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २० हजार बिट इतका असतो.

म्हणजे वायपरच्या मंडलाचे आता दोन भाग झाले. पहिला निरोपाचा: दांडी, रेन सेन्सर आणि बीसीएमकडे जाणाऱ्या वायरी. दुसरा ताकदीचा: बॅटरी, फ्यूज, रिले, मोटर आणि तिचं अर्थिंग. बिघाड या दोनांपैकी कुठल्या भागात आहे, हे ठरवणं ही तपासाची पहिली पायरी.

मोटरच्या पोटात

वायपरची मोटर म्हणजे कायम चुंबक असलेली, बॅटरीच्या एकदिश विजेवर चालणारी मोटर. तिच्या दांड्यावर मळसूत्री गिअर असतो. तो वेग उतरवतो आणि जोर वाढवतो. या मोटरचं वैशिष्ट्य म्हणजे तिला दोनऐवजी तीन कार्बन ब्रश असतात. एक सामाईक, एक मंद गतीचा आणि एक जलद गतीचा. मंद गतीचा ब्रश सामाईक ब्रशच्या बरोबर समोर असतो, तर जलद गतीचा थोडा तिरका बसवलेला असतो. वीज तिरक्या ब्रशमधून गेली की आर्मेचरचे कमी वेढे उलटा दाब निर्माण करतात आणि तेवढाच दाब तयार व्हायला मोटरला जास्त वेगाने फिरावं लागतं. वेग बदलायला वेगळा गिअर लागत नाही.

दुसरी हुशारी ‘पार्किंग’ची. तुम्ही दांडी कुठल्याही क्षणी बंद केली, तरी पाती काचेच्या मध्यावर थांबत नाहीत, खाली जाऊन बसतात. यासाठी गिअरच्या चकतीवर एक स्विच असतो. मुख्य वीज तुटली तरी पाती जागेवर येईपर्यंत हा स्विच मोटरला वेगळ्या वाटेने वीज देत राहतो. जागा आली की तो ती वाट तोडतो आणि मोटरची मंद गतीची वायर अर्थला जोडतो. फिरती मोटर त्या क्षणी स्वतःच वीज तयार करत असते. दोन्ही टोकं अशी एकत्र जोडली गेली, की तीच वीज मोटरला ब्रेक लावते आणि पाती नेमक्या जागी थांबतात. बीसीएम असलेल्या बऱ्याच गाड्यांत या स्विचचा इशारा बीसीएमलाही जातो. ‘मोटरला वीज दिली, पण ठरल्या वेळेत स्विचची स्थिती बदलली नाही’, असं दिसलं की मोटर अडकली असं धरून काही गाड्या वीज बंद करतात.

लक्षण काय सांगतं

हे कळलं की नुसत्या लक्षणावरून अर्धी गाडी निर्दोष ठरवता येते.

जलद गती चालते आणि मंद गती चालत नाही, असं असेल तर फ्यूज आणि अर्थिंग तपासण्यात वेळ घालवू नका. दोन्ही गती त्याच फ्यूजवर आणि त्याच अर्थिंगवर चालतात. दोष मंद गतीचा ब्रश, तिची वायर किंवा गती निवडणारा रिले यांपैकी कशात तरी आहे.

दोन्ही गती बंद आहेत, पण मोटरच्या पाठीवर लाकडी मुठीने हलकं ठोकल्यावर ती दचकून सुरू होते? मग कार्बन झिजले आहेत. ठोक्याने ब्रश क्षणभर आर्मेचरला टेकतो, एवढाच त्याचा अर्थ. अशी मोटर लगेच बदला किंवा कार्बन घालून घ्या, कारण ती पुन्हा ऐन पावसात थांबणार.

मोटरचा आवाज येतो पण पाती हलत नाहीत, तर बिघाड विजेचा नाहीच. पातीच्या बुडाशी असलेला नट ढिला झाला आहे, त्याखालचे दाते झिजले आहेत किंवा मोटर आणि पाती यांना जोडणाऱ्या लिंकेजचा सांधा निसटला आहे.

दांडी बंद करताच पाती असतील तिथेच थांबतात, तर पार्किंगचा स्विच किंवा त्याला वीज देणारी वायर तपासा. दांडी बंद केली तरी वायपर थांबतच नाही, तर रिलेची टोकं चिकटली असण्याची शक्यता मोठी. पाती खाली येऊन जागेवर थांबण्याऐवजी आणखी एक फेरी मारतात, तर ब्रेक लावणारी अर्थची जोडणी तुटली असेल.

थांबत-थांबत चालणारी गती तेवढी गेली आहे आणि बाकी सगळं ठीक आहे, तर मोटरकडे पाहायचंच नाही. दोष निरोपाच्या भागात आहे.

काही वेळा तर बिघाड नसतोच. अनेक गाड्यांत बॉनेट उघडं असताना पाती त्यावर आपटू नयेत म्हणून वायपर मुद्दाम बंद ठेवले जातात. बॉनेटच्या कुलपातला छोटा स्विच खराब झाला, की बॉनेट बंद असूनही गाडीला ते उघडं वाटतं आणि वायपर चालत नाहीत. डॅशबोर्डवर बॉनेट उघडं असल्याची खूण दिसते का, हे आधी पाहावं. ‘ऑटो’वर असताना संवेदनक्षमता वाढवली की कोरड्या काचेवरही पाती एकदा फिरतात, तेही बऱ्याच गाड्यांत ठरवून दिलेलं वागणं आहे.

स्कॅनरने वाट अर्धी करणं

आधुनिक गाडीत सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो स्कॅनरने. मात्र स्कॅनर असा हवा की जो बीसीएमशी बोलू शकतो. स्वस्त रीडर बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड दाखवतात. वायपरचे कोड ‘बी’ने सुरू होतात आणि संपर्क तुटल्याचे ‘यू’ने.

कोडपेक्षाही उपयोगी असतो तो थेट दिसणारा डेटा. दांडी बंद, मंद, जलद अशी फिरवा आणि पडद्यावर तसाच बदल दिसतो का पाहा. दिसला, तर दांडी आणि तिची वायर निर्दोष. मग स्कॅनरवरूनच मोटरला चालू होण्याचा हुकूम द्या. मोटर पूर्ण वेगाने फिरली, तर ताकदीचा भाग निर्दोष. एकही स्क्रू न काढता या दोन चाचण्यांनी तपास निम्म्यावर येतो.

लिन बसची वायरही साध्या मीटरने जोखता येते. बोलणं चालू असेल तर आकडा बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा खाली राहतो आणि सारखा हलतो. आकडा शून्यावर बसला असेल तर वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे. बॅटरीइतकाच स्थिर राहिला असेल तर त्या वायरवर कुणी बोलतच नाही.

बारा व्होल्टचा फसवा आकडा

आता मुख्य मुद्दा. इथेच चांगल्या मोटरी हकनाक बदलल्या जातात.

वायपर अगदी संथ चालतो आहे, असं समजा. मेकॅनिक मोटरचा कपलर काढतो, मीटरची टोकं लावतो आणि आकडा येतो १२.६ व्होल्ट. तो म्हणतो, ‘वीज तर पूर्ण येते, म्हणजे मोटर गेली.’ इथे चूक होते.

या वायरच्या वाटेत एक कपलर आहे आणि त्यातली एक पिन हिरवी पडली आहे, असं धरा. तांब्यावर चढलेल्या या थरामुळे त्या जागी एक ओहम रोध तयार झाला आहे. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. त्यामुळे मीटर लावल्यावर वायरमधून जेमतेम एक मायक्रोअँपिअर वीज वाहते. एवढ्याशा प्रवाहाला एक ओहमची अडचण जाणवतही नाही, म्हणून मीटर पूर्ण १२.६ दाखवतो. आता कपलर परत जोडून मोटर चालू करा. ती चार अँपिअर ओढू लागली, की त्याच एका ओहमवर चार व्होल्ट खर्च होतात आणि मोटरला उरतात ८.६. मोटर संथ चालणारच. साकवावरून मांजर गेलं म्हणून बैलगाडीही जाईल असं नाही. पूल तपासायचा तो ओझं असताना.

म्हणून कपलर जोडलेला ठेवायचा, मागच्या बाजूने पिनला मीटरचं टोक टेकवायचं आणि वायपर चालू असताना मोजायचं. एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं मोटरच्या धन वायरला. मीटरवर दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट चांगली. मग एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं मोटरच्या अर्थ वायरला लावायचं. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अर्थिंगचा नट उघडून, घासून, पुन्हा आवळायला हवा. आकडा जास्त आला तर एक टोक जागेवर ठेवून दुसरं एकेक जोड ओलांडत पुढे न्यायचं. ज्या जोडावर आकडा एकदम उडी मारेल, तिथेच दोष.

वरच्या उदाहरणातल्या त्या एका जोडात सोळा वॅट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. तेव्हा असा कपलर तपकिरी पडलेला, कधी वितळलेला दिसतो, यात नवल नाही. नुसती मोटर बदलली तर हा जोड तसाच राहतो आणि महिन्याभरात तक्रार परत येते.

वायपर संथ असण्याचं दुसरं कारण यांत्रिक असू शकतं. लिंकेजच्या बुशमध्ये गंज धरला की मोटरला जास्त जोर लावावा लागतो. हा फरक एकदिश वीज मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने लगेच कळतो. प्रवाह नेहमीपेक्षा जास्त आणि मोटरवर व्होल्टेज पूर्ण, तर लिंकेज जड झालं आहे. प्रवाह कमी आणि व्होल्टेजही कमी, तर वाटेत रोध आहे. प्रवाह कमी पण व्होल्टेज पूर्ण, तर मोटरचे कार्बन बघा. दोन आकड्यांत तीन निदानं होतात.

एक सावधगिरी मात्र हवी. काही नव्या मोटरींना वीज अखंड न देता तुकड्या-तुकड्याने दिली जाते. तिथे साधा मीटर सरासरी दाखवतो आणि ऑसिलोस्कोपशिवाय नेमकं चित्र कळत नाही. अशा मोटरींतल्या काही पूर्ण फेरी न घेता पुढे-मागे फिरतात. त्या बदलल्यावर शेवटची जागा स्कॅनरने शिकवावी लागते. ते राहिलं तर नवी मोटरही पाती भलत्याच ठिकाणी थांबवते.

काचेमागचा डोळा

आपोआप चालणाऱ्या वायपरमागे असतो रेन सेन्सर, आरशाच्या मागे काचेला चिकटवलेला. तो काचेत सुमारे ४५ अंशांच्या कोनात अवरक्त प्रकाश सोडतो. काच आणि हवा यांच्या सीमेवर ४२ अंशांपलीकडचा प्रकाश बाहेर न जाता पूर्ण परततो. म्हणून काच कोरडी असताना सगळा प्रकाश सेन्सरकडे येतो. काच आणि पाणी यांच्या सीमेवर ही मर्यादा ६१ अंशांच्या आसपास जाते. म्हणून थेंब पडला की तिथला प्रकाश बाहेर निसटतो आणि परत येणारा कमी होतो. किती कमी झाला, त्यावरून वायपरचा वेग ठरतो.

सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची पट्टी असते. दगड लागून काच बदलली आणि जुनीच पट्टी परत चिकटवली, की तिच्यात हवेचे बुडबुडे राहतात. मग कोरड्या काचेवर वायपर धावतात किंवा पावसात गप्प बसतात. काच बदलल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत बीसीएमवर संशय घेण्याआधी बाहेरून टॉर्च मारून ही पट्टी बघावी.

पाणी शिरतं कुठून

वायपरच्या बहुतेक विद्युत दोषांचं मूळ पाण्यात आहे. पुढच्या काचेच्या बुडाशी, प्लास्टिकच्या जाळीखाली पन्हळ असते आणि मोटर तिच्यातच किंवा तिला लागून बसते. गाडी गुलमोहराखाली किंवा आंब्याखाली उभी राहत असेल, तर पानं आणि मोहोर कुजून पन्हळीची भोकं बुजतात. पाणी साचतं आणि मोटरच्या कपलरपर्यंत चढतं. ओल्या कपलरमध्ये ज्या पिनवर सतत धन व्होल्टेज असतं, तिचं तांबं विद्युत-रासायनिक क्रियेने सगळ्यात आधी विरघळतं. म्हणून पाच पिनांपैकी एकच हिरवी दिसते. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. एवढंच नाही, तर वायरच्या आवरणाखालून, तांब्याच्या बारीक तारांमधून केशाकर्षणाने पाणी पुढे सरकतं आणि दोष कपलरपासून दूर जाऊन बसतो. वायर बाहेरून चांगली दिसते, पण सोलली की तारा काळ्या पडलेल्या असतात. अशी वायर उजळ तांबं लागेपर्यंत कापूनच नवी जोडावी लागते.

कारखान्यात वायरचा गठ्ठा कपलरच्या आधी थोडा खाली लोंबता ठेवलेला असतो, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. दुरुस्तीनंतर तो ताणून बांधला तर पाणी सरळ कपलरमध्ये उतरतं. मागच्या काचेच्या वायपरची कथा थोडी वेगळी. डिकीच्या दाराला जाणाऱ्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात आणि दार हजारो वेळा उघडल्यावर आतल्या आत तुटतात. मागचा वायपर आणि काच तापवणाऱ्या तारा एकदम बंद पडल्या तर आधी ती नळी उघडावी.

हात घालण्याआधी

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाला. पिवळा २०चा, पांढरा-पारदर्शक २५चा, हिरवा ३०चा. नवाही उडाला, तर मोटर अडकली आहे किंवा वायर अर्थला टेकली आहे. मोठा फ्यूज किंवा वायरचा तुकडा घातला, तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. लिंकेजजवळ हात घालताना इग्निशन बंद आणि बॅटरीचं ऋण टोक सुटं हवं. पार्किंगचा स्विच मोटर अचानक फिरवू शकतो आणि त्या सांध्यांत बोट तुटण्याइतका जोर असतो. स्टिअरिंगजवळ एअरबॅग असते. तिथल्या पिवळ्या कपलरना मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. दांडीचा स्विच काढायचा झाल्यास बॅटरी सोडून, गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढा वेळ थांबावं.

मालकाच्या हातातलं काम सोपं आहे. मे महिन्याच्या शेवटी काचेखालची जाळी उघडून पानं काढा, वरून तांब्याभर पाणी ओतून ते खालच्या भोकांतून निघतं का बघा आणि काच ओली करून वायपर सगळ्या गतींवर पाच मिनिटं चालवा. बिघाड असेल तर तो घाटात नव्हे, दारातच कळेल. गॅरेजमध्ये मोटर बदलायचा सल्ला मिळाला, तर एवढंच विचारा: वायपर चालू असताना मोटरवर किती व्होल्ट आले आणि अर्थच्या बाजूला किती हरवले? चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे दोन आकडे आनंदाने दाखवेल. आकडे ठीक असूनही मोटर चालत नसेल, तर ती खुशाल बदला. आकडेच घेतले नसतील, तर आधी ते घ्यायला सांगा.